मैदानावरचं शिष्यत्व: खेळातून ख्रिस्ती चारित्र्य आणि संघभावना शिकवायची कशी

खेळाने चारित्र्य घडतं असं सगळेच म्हणतात, बक्षीस समारंभात तर हमखास. पण एकाच संघात वर्षानुवर्षं खेळलेली दोन मुलं बघा. एक हरल्यावरही समोरच्याशी मनापासून हात मिळवतो, दुसरा जिंकूनही पंचाच्या नावाने बोटं मोडत असतो. मैदान तेच, प्रशिक्षक तोच, घामही तेवढाच. खेळ आपोआप काही घडवत नाही. आत जे आहे ते तो बाहेर काढतो आणि फार लवकर काढतो. उपासनेत वर्षभर शेजारी बसून माणूस जेवढा कळत नाही, तेवढा तो अटीतटीच्या सामन्यात पाच मिनिटांत कळतो. जे बाहेर आलं त्याचं पुढे काय करायचं, हे मात्र कुणीतरी जाणीवपूर्वक ठरवावं लागतं.

हा लेख त्या माणसासाठी आहे. तो मंडळीच्या युवक संघाचा पुढारी असेल, रविवारच्या शाळेचा शिक्षक असेल, क्रीडाशिक्षक असेल किंवा आपल्या विश्वासाचा खेळाशी काय संबंध असा प्रश्न पडलेला एखादा खेळाडूही असेल. खेळ कोणताही चालेल. साधारण तीन महिन्यांचा एक हंगाम धरून पायऱ्या सांगतो.

पायरी १: पौल नेमकं काय म्हणाला, ते आधी वाचा

खेळाडूंसमोर हमखास उघडला जाणारा उतारा म्हणजे १ करिंथ ९:२४-२७, प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रातला. शर्यतीत धावतात सगळे, बक्षीस एकालाच मिळतं, तर तुम्ही असे धावा की ते तुम्हाला मिळेल. एवढं वाचून पुस्तक मिटलं की त्याचा अर्थ 'जिंका' एवढाच उरतो. घोळ इथेच होतो.

करिंथ शहराजवळ दर दोन वर्षांनी इस्थमियन स्पर्धा भरत. विजेत्याला मिळे तो पानांचा मुकुट, कधी पाइनच्या डहाळ्यांचा, कधी सेलरीच्या पानांचा. पौल त्या शहरात दीड वर्ष राहिला होता. त्यामुळे त्याने 'नाशवंत मुकुट' म्हटल्यावर करिंथकरांच्या डोळ्यांपुढे काय आलं असेल, ते सांगायला नको. चार दिवसांत सुकून जाणाऱ्या पानांसाठी माणसं महिनोन्‌महिने जिभेवर आणि झोपेवर ताबा ठेवत होती. प्राचीन ऑलिंपिक स्पर्धा जिथे भरत त्या ऑलिंपियात तर आपण दहा महिने नियमाने सराव केला आहे, अशी शपथच खेळाडूंना घ्यावी लागे. नियमाप्रमाणे खेळल्याशिवाय मुकुट मिळत नाही, हे २ तीमथ्य २:५ मधलं वाक्य त्या जगातलं आहे.

पण खरी गंमत आधीच्या तेवीस वचनांत आहे. संपूर्ण नववा अध्याय हक्कांविषयी आहे. मंडळीकडून पोटापाण्याची सोय घेण्याचा मला हक्क आहे, तरी मी तो वापरला नाही, असं पौल सांगतो. यहुद्यांसाठी मी यहुद्यासारखा झालो, दुर्बळांसाठी दुर्बळ झालो, असं म्हणतो. त्यानंतर खेळाडू येतो. म्हणजे पौलाचा धावपटू स्वतःवर ताबा ठेवतो तो इतरांसाठी आपला हक्क सोडता यावा म्हणून. ज्या उताऱ्याने आपण मुलांना 'पहिला ये' सांगतो, तो मुळात हक्क सोडण्याचा उतारा आहे.

म्हणून पहिल्या बैठकीत पूर्ण अध्याय मोठ्याने वाचा. पाच मिनिटं लागतात. मग प्रत्येकाला एक कागद द्या आणि या हंगामात संघासाठी आपण कोणता एक हक्क सोडू, ते लिहायला सांगा. फ्री किक मीच घेणार, फलंदाजीला तिसऱ्या क्रमांकावर मीच जाणार, सामन्याच्या फोटोत मीच मध्ये उभा राहणार, असं काहीही चालेल. कागद ज्याचा त्याने जवळ ठेवावा. वाचून दाखवायला लावू नका. लावलंत की लोक त्यागाचं प्रदर्शन मांडतात.

जाता जाता एक इशारा. 'मला सामर्थ्य देणाऱ्याच्या साहाय्याने मी सर्व काही करू शकतो' हे फिलिप्पै ४:१३ चं वचन खेळाडूंच्या बुटांवर आणि मनगटांवर सर्रास दिसतं. पौलाने ते कैदेतून लिहिलं आणि त्याआधीच्या वाक्यात तो उपासमार आणि भरपूर, विपुलता आणि गरज, दोन्हींत राहायला शिकल्याचं सांगतो. खेळात ते लावायचंच तर सहा गोलांनी हरलेल्या संघाला लावा. तिथे ते चपखल बसतं.

पायरी २: दोनच गुण निवडा आणि डोळ्यांना दिसतील असे लिहा

गलती ५:२२-२३ मध्ये आत्म्याचं फळ सांगताना नऊ गोष्टी येतात. नऊच्या नऊ एका हंगामात घ्यायला गेलात तर भिंतीवर छान तक्ता होईल, बाकी काही होणार नाही. संघाबरोबर बसून दोन निवडा. कोणत्या दोन, ते गेल्या हंगामातली भांडणं आठवली की आपोआप सुचतं.

मग प्रत्येक गुणाचं एका वागणुकीत रूपांतर करा. सहनशीलता म्हणजे पंचाच्या निर्णयावर फक्त कर्णधार बोलेल, बाकीचे पाठ फिरवून आपापल्या जागी जातील. ममता म्हणजे कुणी पडलं तर सगळ्यात जवळचा खेळाडू हात देईल, पडलेला कोणत्याही संघाचा असो. विश्वासूपणा म्हणजे सरावाला येणं जमणार नसेल तर आदल्या दिवशी कळवायचं. कसोटी सोपी आहे. सीमारेषेबाहेर उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला 'असं झालं का?' विचारलं, तर त्याला हो किंवा नाही सांगता आलं पाहिजे. 'आम्ही प्रेमाने खेळू' यावर त्याला काहीच सांगता येणार नाही.

पायरी ३: प्रवचन कमी करा, सरावाचे नियम बदला

१८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड इथल्या वाय.एम.सी.ए. या ख्रिस्ती युवक संघटनेच्या प्रशिक्षण शाळेत जेम्स नेस्मिथ या तरुण शिक्षकाच्या गळ्यात एक अवघड वर्ग पडला. अठरा जण, सगळे धडधाकट, हिवाळ्यामुळे बाहेर खेळता येत नाही आणि व्यायामशाळेतल्या कवायतीला कंटाळलेले. बाहेरचे धसमुसळे खेळ त्याने आत आणून पाहिले, पण बंद जागेत हातपाय मोडायची वेळ आली. नेस्मिथ धर्मशास्त्र शिकलेला होता. 'बंधूंनो, प्रीतीने खेळा' असं प्रवचन त्याला सहज देता आलं असतं. त्याने वेगळा विचार केला. माणसं एकमेकांवर का तुटून पडतात? कारण एक जण चेंडू घेऊन पळतो आणि त्याला अडवावं लागतं. मग चेंडू घेऊन पळायचंच नाही, असा नियम केला. गोल डोक्याच्या वर, सज्जाला टांगला, म्हणजे ताकदीने चेंडू मारून उपयोग नाही, अलगद कमान देऊनच तो टाकावा लागेल. पीचच्या दोन टोपल्या आणि तेरा नियम एवढ्यावर बास्केटबॉल जन्माला आला.

चेंडू घेऊन पळता येत नाही म्हटल्यावर दुसऱ्याकडे बघावंच लागतं. पास देणं हा चांगुलपणा उरला नाही, खेळायचं असेल तर दुसरा मार्गच नव्हता. तुमच्या सरावातही हेच करायचं. हवा तो गुण वापरल्याशिवाय पुढे जाताच येणार नाही, असा खेळ मांडायचा.

माझ्या मते सगळ्यात जास्त काम करणारा प्रकार म्हणजे 'सगळ्यांचा स्पर्श'. संघातल्या प्रत्येकाने एकदा तरी चेंडू खेळल्याशिवाय गोल धरायचा नाही. पहिली दहा मिनिटं नुसता गोंधळ. मग हळूहळू एक गोष्ट दिसायला लागते. सगळ्यात चांगला खेळाडू, जो एरवी मान खाली घालून एकटाच पुढे घुसतो, तो मान वर करून सगळ्यात कच्च्या खेळाडूला शोधू लागतो. त्याला अडेल असा जोरदार पास तो देत नाही, कारण चेंडू निसटला तर गोल सगळ्यांचाच जातो. त्याला झेपेल असा देतो. नेमकं त्याच क्षणी शिट्टी वाजवा, खेळ थांबवा आणि विचारा, 'आत्ता तू पास हळू का दिलास?' उत्तर त्याच्याकडूनच येऊ द्या. १ करिंथ १२ मधला 'डोळा हाताला म्हणू शकत नाही, की तुझी मला गरज नाही' हा भाग त्यानंतर दोन मिनिटांत वाचून होतो, आणि तो कळला का, हे विचारायची गरज पडत नाही.

दुसरा प्रकार बोलण्याचा. दहा मिनिटं पूर्ण मुका सामना, मग दहा मिनिटं अशी की बोलायचं ते फक्त सोबत्याचं नाव आणि त्याच्या कामाची माहिती. 'मागे माणूस आहे', 'वेळ आहे', 'डावीकडे मोकळा'. ओरडा, टोमणा, उसासा यांतलं काहीही आलं की चेंडू समोरच्या संघाला. ऐकायला चपळ, बोलायला मंद, रागाला मंद हे याकोब १:१९ मैदानावर याच रूपात येतं.

तिसरा प्रकार हंगामाच्या मध्यावर, संघ एकमेकांना सरावल्यावरच घ्या. आजच्या सामन्यात पंच काही निर्णय मुद्दाम चुकीचे देणार आहे, एवढं आधी सांगून ठेवा, मात्र कोणते आणि कधी, ते सांगू नका. अन्याय होणार हे माहीत असूनही तो झाल्यावर डोकं तापतं, हा अनुभव मुलांना स्वतःविषयी बरंच काही सांगून जातो. लहान वयाच्या मुलांवर हा प्रयोग करू नका. त्यांना तो खेळ वाटत नाही, फसवणूक वाटते.

पायरी ४: बॅटन द्यायला आणि घ्यायला शिकवा

तुमचा खेळ कोणताही असो, एक दिवस चार गुणिले शंभर मीटर रिलेसाठी काढा, म्हणजे चौघांनी एकापाठोपाठ शंभर-शंभर मीटर धावून बॅटन नावाची काठी पुढच्याच्या हातात देण्याच्या शर्यतीसाठी. विश्वास आणि जबाबदारी ज्या स्वच्छपणे इथे दिसते, तशी कुठेच दिसत नाही.

२०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या या शर्यतीत जपानने ३७.६० सेकंदांत रौप्यपदक मिळवलं. त्या चौघांपैकी एकानेही तोवर शंभर मीटर दहा सेकंदांच्या आत धावलेले नव्हते. त्यांच्यामागे आलेला अमेरिकेचा संघ एकेकट्याच्या वेळेत सरस होता, पण एका बदलात बॅटन ठरलेल्या क्षेत्राआधीच हातात पडल्याने तो बाद झाला. जपानने पदक कमावलं ते तीन हस्तांतरांत.

आता कृती. बॅटन नसेल तर फूटभर लांबीची गुळगुळीत काठी चालते. अदलाबदलीचं क्षेत्र आजच्या नियमानुसार ३० मीटरचं असतं, तेवढं आखून घ्या. घेणारा क्षेत्राच्या सुरुवातीला उभा राहतो आणि आपल्या मागे पंधरा ते वीस पावलांवर जमिनीवर एक खूण करतो. येणाऱ्याचा पाय त्या खुणेवर पडला की घेणाऱ्याने पुढे तोंड करून, पूर्ण ताकदीने पळत सुटायचं. मागे बघायचं नाही. येणारा टप्प्यात आला की एकच ठरलेला शब्द ओरडतो, घेणारा हात मागे नेतो, तळवा स्थिर धरतो, आणि बॅटन त्यात बसते. पहिल्यांदा चालत करा, मग हलक्या धावेत, मग पूर्ण वेगाने. खूण पुढेमागे सरकवत जोडीने आपलं अंतर शोधावं.

चुका ठरलेल्या असतात, त्या नीट बघा. एक जण मागे वळून बघतो, कारण दुसरा येईल याची त्याला खात्री नसते. वळलं की वेग गेला. एक जण खूण गाठायच्या आधीच सुटतो, म्हणजे दिलेल्या शब्दाआधी पळतो. एक जण सुटतो, पण अर्ध्याच ताकदीने, 'तो मला गाठेल ना?' या भीतीने. हा तिसरा संघात सगळ्यात जास्त सापडतो आणि त्याला वाटतं की आपण सोबत्याची काळजी घेतोय. देणाऱ्याची चूक एकच, पण मोठी. बॅटन पुढे करताना तो आपोआप मंदावतो, जणू आपलं काम झालं. बॅटन दुसऱ्याच्या मुठीत घट्ट बसेपर्यंत आपली शर्यत संपत नाही, हे त्याच्या पायांना शिकवावं लागतं.

सराव संपल्यावर २ तीमथ्य २:२ वाचा. पौल, तीमथ्य, विश्वासू माणसं आणि त्यांनी शिकवायचे इतर जण, असे चार धावपटू एकाच वचनात मिळतात. मग एक प्रश्न टाका, 'आपल्या युवक संघात वरच्या वयाच्या मुलांनी काम सोडताना खालच्यांच्या हातात काय दिलं?' चर्चा लांबली तर लांबू द्या.

पायरी ५: चूक झाल्यानंतरचे दहा सेकंद

झेल सुटला, सर्व्हिस जाळीत गेली, पेनल्टी वाया गेली. त्यानंतर दहा सेकंदांत संघाची खरी ओळख पटते. या दहा सेकंदांचा विधी आधीच ठरवून टाका. ज्याच्याकडून चूक झाली तो हात वर करून 'माझी' म्हणेल. जवळचा खेळाडू त्याचं नाव घेईल आणि पुढचं काम सांगेल. बस. का झालं, कसं झालं याची चर्चा सामना चालू असताना नाही. हात वर करणाऱ्यावर कुणी तोंडसुख घेतलं तर पुढच्या वेळी कुणीच हात वर करणार नाही.

येशूला अटक झाली त्या रात्री 'मी त्याला ओळखत नाही' असं पेत्राने तीनदा म्हटलं होतं. योहान २१ मध्ये येशूने त्याला पुन्हा उभं केलं तेव्हा त्या नाकारण्याचा पाढा वाचला नाही. तीनदा प्रीतीविषयी विचारलं आणि तीनदा काम दिलं. प्रशिक्षकासाठी यातून निघणारी गोष्ट अगदी व्यवहाराची आहे. चूक झाल्याबरोबर खेळाडूला बाहेर काढू नका आणि पुढचा चेंडू शक्य तितक्या लवकर त्याच्याकडे जाईल असं बघा.

पायरी ६: पंचाला दिसलं नाही तेव्हा काय करायचं, हे आधी ठरवा

२००३ च्या क्रिकेट विश्वचषकाच्या उपान्त्य सामन्यात श्रीलंकेविरुद्ध ऑस्ट्रेलियाच्या ॲडम गिलख्रिस्टचा झेल घेतला गेला. पंचांनी नाबाद ठरवलं. चेंडूला बॅट लागली होती, म्हणून गिलख्रिस्ट स्वतःहून तंबूत परतला. विश्वचषकाचा उपान्त्य सामना आणि तोही आपल्या बाजूने निर्णय लागल्यावर! व्यावसायिक क्रिकेटमध्ये 'निर्णय देणं हे पंचाचं काम, आपलं नाही' ही भूमिका तेव्हाही सर्रास होती आणि आजही आहे.

ही भूमिका ख्रिस्ती संघाने सरळ फेकून द्यावी, असं मला वाटतं. तुमचं बोलणं होय तर होय, नाही तर नाही एवढंच असू द्या, ही येशूची आज्ञा सीमारेषेपाशी संपत नाही. पण ऐन सामन्यात, रक्त तापलेलं असताना, हा विचार कुणालाही सुचत नाही. म्हणून हंगामाआधी एकत्र बसून आपल्या खेळातले असे प्रसंग काढा. व्हॉलीबॉलमध्ये बोटाला घासून गेलेला चेंडू, कबड्डीत झालेला आणि कुणाला न दिसलेला स्पर्श, फुटबॉलमध्ये रेषेबाहेर गेलेला चेंडू. प्रत्येक ठिकाणी आपण काय करू, ते संघानेच ठरवायचं. त्यापायी सामना हरलो तर चालेल का, हाही प्रश्न तेव्हाच विचारा. गप्प बसलेली मुलं त्यावर बोलायला लागतात.

सामन्याआधीच्या प्रार्थनेचं थोडक्यात. समोरच्या संघातही प्रार्थना करणारे असू शकतात. जिंकण्यासाठी मागण्यापेक्षा दोन्ही संघांना दुखापत होऊ नये, आपण ठरवलेल्या दोन गोष्टी पाळता याव्यात, एवढं मागणं पुरेसं आहे.

पायरी ७: बाकावर बसलेल्याला खरं काम द्या

राखीव खेळाडूंना 'तुम्हीही तितकेच महत्त्वाचे' सांगून त्यांच्या हाती पाण्याच्या बाटल्या दिल्या, तर त्यांना खरं काय ते कळतं. त्यांच्याकडे वही द्या. समोरचा संघ कोणत्या बाजूने जास्त येतो, त्यांचा कोणता खेळाडू दमलाय, आपल्यात मोकळी जागा कुठे पडते, हे नोंदवायचं आणि मध्यंतरात सगळ्यात आधी त्यांनीच बोलायचं. त्यांच्या सांगण्यावरून खरोखर एखादा बदल करा.

कुणाला किती वेळ खेळायला मिळेल, ते सामन्याच्या आधी आणि स्पष्ट सांगा. निराशा पचते, टांगणी पचत नाही. निर्गम १७ मध्ये यहोशवा खाली लढत होता. मोशेचे हात वर असले की इस्राएलाची सरशी होई, म्हणून वर अहरोन आणि हूर त्याचे हात धरून सूर्य मावळेपर्यंत उभे होते. लढाई कुणी जिंकली, हा प्रश्न राखीव खेळाडूंनाच विचारून बघा.

पायरी ८: सामन्यानंतरची पंधरा मिनिटं

एवढं सगळं करायला वेळ नसेल आणि एकच पायरी घ्यायची असेल, तर ही घ्या. बाकीच्या पायऱ्या पेरणीच्या आहेत, पदरात काय पडलं ते इथे कळतं.

आधी समोरच्या संघाशी आणि पंचांशी हात मिळवणं. मग पाणी. मग गोलात बसणं, प्रशिक्षकासकट सगळे जमिनीवर. प्रशिक्षकाने भाषण करायचं नाही, तीन प्रश्न विचारायचे.

पहिला: आज कुणी कुणासाठी असं काय केलं, जे गुणफलकावर दिसत नाही? दुसरा: आपण ठरवलेल्या दोन गोष्टींपैकी कोणती माझ्याकडून मोडली? इथे 'मी' असंच बोलायचं, 'तो' आला की थांबवायचं. तिसरा: पुढच्या सरावात यासाठी काय वेगळं करू?

दुसऱ्या प्रश्नाला सुरुवातीला शांतता पसरते. पसरू द्या, मध्ये बोलू नका. एकदा कोंडी फुटली की संभाषण साधारण असं चालतं. गोलरक्षक म्हणतो, 'दुसऱ्या गोलनंतर मी बचावातल्या सगळ्यांवर ओरडलो. चेंडू माझाच होता.' थोड्या वेळाने त्यातला एक जण म्हणतो, 'ओरडलास ना, त्यानंतर मी पुढे येऊन चेंडू घ्यायचंच टाळलं. परत चुकलो तर, असं वाटलं.' मग सगळ्यांच्याच लक्षात येतं की तिसरा गोल तिथूनच, त्या मोकळ्या सोडलेल्या जागेतून झाला. रागाची किंमत इतकी नेमकी मोजून दाखवणारं ठिकाण दुसरं नाही. अशा वेळी प्रशिक्षकाने डावपेचांकडे वळू नये. गोलरक्षकाने त्या खेळाडूकडे बघून माफी मागावी आणि त्याने ती द्यावी, एवढ्यासाठी जागा करून द्यावी आणि गप्प राहावं.

शेवटी एक वचन आणि छोटी प्रार्थना, तीत समोरच्या संघाचं नाव घेऊन. पंधरा मिनिटं झाली की उठा. आठवणीने हे जिंकल्यावरही करा. जिंकलेल्या दिवशी कुणाला बसायचं नसतं, आणि नेमक्या त्याच दिवशी दुसऱ्या प्रश्नाची उत्तरं झाकली जातात.

पायरी ९: रविवारचा प्रश्न टाळू नका

सामने रविवारी येणारच. स्कॉटिश धावपटू एरिक लिडलचं उदाहरण बहुतेकांना माहीत असतं. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये शंभर मीटरच्या प्राथमिक फेऱ्या रविवारी होत्या, म्हणून त्याने ती शर्यत सोडली आणि चारशे मीटरमध्ये ४७.६ सेकंदांच्या ऑलिंपिक विक्रमासह सुवर्णपदक जिंकलं. वेळापत्रक त्याला काही महिने आधीच कळलं होतं, आणि त्या काळात त्याने चारशे मीटरची तयारी केली. हे मुलांना जरूर सांगा, कारण निष्ठा म्हणजे ऐन वेळचं नाट्य असतं, असा त्यांचा समज होतो.

त्याच्या आयुष्यातली दुसरी गोष्ट तेवढी सांगितली जात नाही. पुढे तो मिशनरी म्हणून चीनला गेला आणि दुसऱ्या महायुद्धात जपान्यांच्या वेइशिएन इथल्या छावणीत बंदी झाला. तिथल्या मुलांसाठी तो खेळ भरवी, पण रविवारी नाही. देखरेखीविना मुलं रविवारी खेळली आणि सामना मारामारीवर गेला. त्यानंतर हाच लिडल रविवारी पंच म्हणून उभा राहिला. स्वतःच्या पदकासाठी जो नियम त्याने वाकवला नाही, तो दुसऱ्यांच्या मुलांसाठी सोडला. फेब्रुवारी १९४५ मध्ये, छावणी मुक्त होण्याआधी काही महिने, मेंदूतल्या गाठीने तो त्याच छावणीत वारला. या दोन गोष्टी शेजारी ठेवून मुलांना बोलू द्या.

तुमच्या बाबतीत करायचं ते असं. वेळापत्रक हातात आल्याबरोबर रविवारचे सामने वेगळे काढा, पालक आणि पाळक यांच्याशी हंगामाच्या सुरुवातीलाच बोला, वेळ बदलून मिळते का ते आयोजकांना विचारा. निरनिराळ्या मंडळ्यांची मतं यात निरनिराळी असतात. रोम १४:५ प्रमाणे प्रत्येकाची स्वतःच्या मनाशी खात्री झाली पाहिजे. जो खेळाडू रविवारी येणार नाही म्हणतो, त्याची जागा त्या कारणाने जाता कामा नये, आणि जो येतो त्याला कमी विश्वासाचा ठरवता कामा नये.

एक खबरदारी. तिहेरी उडीत १९९५ साली १८.२९ मीटरचा विश्वविक्रम करणारा जोनाथन एडवर्ड्सही एके काळी रविवारी खेळत नसे. पुढे त्याने ती भूमिका बदलली आणि निवृत्तीनंतर आपला विश्वास उरला नसल्याचं जाहीरपणे सांगितलं. विजेत्यांच्या साक्षी मुलांना ऐकवा, पण मुलांचा विश्वास त्यांच्यावर टांगू नका.

पायरी १०: मैदानाबाहेर तपासा

शारीरिक कसरत थोड्या बाबतीत उपयोगी आहे आणि सुभक्ती सर्व बाबतीत, असं १ तीमथ्य ४:८ सांगतं. तेव्हा हंगामाचा निकाल घरी आणि वर्गात काढायचा. शेवटच्या आठवड्यात प्रत्येक खेळाडूने आपल्या भावंडाला किंवा मित्राला एकच प्रश्न विचारायचा: 'या तीन महिन्यांत माझ्या वागण्यात काही बदल दिसला का?' 'नाही' हे उत्तरही तसंच्या तसं घेऊन यायचं.

संघात ख्रिस्ती नसलेले खेळाडू असतील तर त्यांच्यावर प्रार्थनेची सक्ती नको. नियम आणि तीन प्रश्न सगळ्यांना सारखे, वचन आणि प्रार्थना ज्याला हवी त्याला.

आणि एक तपासणी प्रशिक्षकाची. खेळाडूंना कोरे कागद द्या, नाव न लिहिता दोन प्रश्नांची उत्तरं मागा. हरल्यावर आमचे सर किंवा बाई कशा वागतात? त्या कुणाशी सगळ्यात कमी बोलतात? कागद घरी नेऊन एकट्याने वाचा. दुसऱ्या प्रश्नात एकच नाव पुन्हा पुन्हा आलं असेल, तर पुढच्या हंगामाची आखणी करण्याआधी त्या मुलाला किंवा मुलीला जाऊन भेटा.